हातात बांगड्या

आमच्या बैठकीच्या खोलीत तीन फोटो होते. शिवाजी महाराज, शाहू महाराज आणि आजोबा. १९९८ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या फोटोंखाली घरातले आणि भावकीतले दहा-बाराजण बसले होते. चहा दोनदा बाहेर आला आणि दोन्ही वेळा साय धरून आत गेला. आप्पांची थोरली, माझी चुलत बहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो, दोन दिवसांपूर्वी डी.एड. कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नव्हती. तिच्या मैत्रिणीला दम दिल्यावर कळलं, आळंदीला लग्न लावून घेतलंय. मुलगा गावातलाच. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. आमच्या विहिरीवरची मोटार जळाली की तोच यायचा. आम्ही मराठा, तो मातंग. हे असं सरळ लिहिताना आजही हात अडखळतो, कारण आमच्याकडे ते वाक्य कुणी पुरं बोलतच नाही. ‘आपल्यातला नाही’ म्हणायचं आणि थांबायचं.

आप्पा गप्प होते. बोलले ते त्यांचे मेहुणे, आम्ही ज्यांना मामा म्हणायचो ते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या आम्हा पोरांकडे बघून म्हणाले, “आन् तुम्ही काय हातात बांगड्या भरून हुबं राहिलाय का रं?”

अर्ध्या तासात दारात सुमो उभी होती आणि मी तिच्यात बसलेलो होतो.

मी तेव्हा १९ वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला. मिशी धड फुटली नव्हती. ताईच्या लग्नाबद्दल माझं काही म्हणणं आहे का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. राग म्हणाल तर नव्हता. त्या मुलाबरोबर मी क्रिकेट खेळलो होतो. त्याचा लेग स्पिन मला कधी कळला नाही. पण मामांच्या त्या प्रश्नाला गाडीत जाऊन बसण्याखेरीज दुसरं काही उत्तर असतं, हे सुचलंच नाही. पुरुषाला कामाला कसं लावतात, हे मी तिथं शिकलो. त्याला हुकूम करावा लागत नाही. तू पुरुष आहेस ना, एवढी शंका घ्यायची. पुढचं सगळं तो आपणहून करतो.

आणि शिवी बांगडीचीच का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. त्या घरात पहाटे चारला उठणारे हात बांगड्या भरलेलेच होते. आई धारा काढायची, शेण लोटायची, वीस-पंचवीस भाकऱ्या थापायची आणि आठाच्या आत कांद्याच्या रानात असायची. बैठकीतल्या पुरुषांपैकी एकाच्याही हातानं दिवसभरात तिच्या निम्मं काम केलं नसेल. तरी नेभळटपणाची खूण म्हणजे बांगडी. ती भरायची ती नवऱ्याच्या नावानं आणि तो गेला की दगडानं फोडायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ही फोडाफोडी बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात. म्हणजे अगदी काल-परवा.

आळंदी का, हेही सांगायला हवं. घरच्यांना न कळवता लग्न करायचं असेल तर आमच्या भागातली पोरं आजही आळंदी गाठतात. तिथं अशी कार्यालयं आहेत. वयाचे दाखले दिले, पैसे भरले की भटजी, हार, अंतरपाट सगळं तयार मिळतं. ज्या गावानं ज्ञानदेवांना आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, त्याच गावात सातशे वर्षांनी घरातून तुटलेली पोरं लग्न लावायला येतात. यात काही योजलेलं नाही, पण मला ते बरं वाटतं.

नोंदणी लग्नाची वाट त्यांना का चालत नाही, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस आहे. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. सातारला मी बँकेत नोकरीला लागल्यावर कामानिमित्त निबंधक कार्यालयात पुष्कळदा गेलो, तेव्हा तो बोर्ड वाचायची मला सवयच लागली. मुलाचं नाव, मुलीचं नाव, वय, धंदा, पत्ता. गावासकट पत्ता. हरकत असल्यास कळवावे. आमची सुमो निघायला असा एक कागद पुरला असता, महिनाभर थांबायचीही गरज नव्हती.

तर आम्ही गेलो. घरून ‘मुलगी हरवली’ अशी तक्रार दिलेली होती, त्यामुळे दोघांना पुण्याच्या एका पोलीस ठाण्यात आणून बसवलं होतं. ठाण्याचं नाव लिहीत नाही. ताई २१ वर्षांची. तिनं दोनदा सांगितलं, “मी माझ्या मर्जीनं आलेय.” सज्ञान बाईनं असं सांगितलं की पोलिसांचं काम तिथं संपतं. पण साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि मुलाला आतल्या खोलीत न्यायला सांगितलं. “बाळ, आईबापाचा काही विचार?” आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. साहेब तसेच, शांतपणे, बाळ बाळ करत राहिले. आम्हाला चहा आला. हा चहा मात्र सगळ्यांनी प्यायला, मीसुद्धा. दोन-अडीच तासांनी ताई उठली. कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. ‘समज देऊन नातेवाइकांच्या ताब्यात’ असं काहीतरी असणार. सज्ञान माणूस कुणाच्या ताब्यात कसा देतात, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणाला पडला नाही.

गाडीत मला दाराकडेला बसवलं. मधे ताई, पलीकडे मामांचा मुलगा. माझं काम एवढंच, दाराशी बसायचं. शिरवळच्या अलीकडे ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “अकाउंट्सचा पेपर कधी आहे तुझा?”

मी तारीख सांगितली.

“मग आज कशाला आलास?” असं म्हणाली आणि पुन्हा पुढं बघायला लागली.

तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, लग्नात भरलेल्या. मामा पुढच्या सीटवरून न वळता म्हणाले, “ते काढ.” तिनं प्रयत्न केला, पण नव्या बांगड्या, घट्ट, आणि हात सुजलेले, निघेनात. मग मामांच्या मुलानं तिचा हात धरून सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटला. एकदा. मग दुसरा. ती ओरडली नाही. मनगटावर दोन ठिकाणी बारीक रक्त आलं. साताऱ्याच्या अलीकडे डिझेलला थांबलो तेव्हा मामा म्हणाले, गाडी परत करायची आहे, काच गोळा कर. मी ‘सकाळ’चं एक पान घेऊन मॅटवरचे तुकडे पुसून काढले. काही मॅटच्या खाचांत अडकले, ते नखानं काढले. हिरवी काच हातात घेतली की इतकी पातळ लागते.

तीन आठवड्यांत ताईचं लग्न झालं. फलटणकडचं स्थळ, मुलगा बिजवर. डी.एड.ची परीक्षा राहिली ती राहिलीच. लग्नात आप्पांनी फेटा बांधला आणि गावात पुन्हा ताठ चालायला लागले.

अब्रू हा शब्द फारसीतून आला, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. मराठीत आल्यावरही त्यानं चेहरा सोडला नाही. आपलं नाक कापलं जातं, मान खाली जाते, तोंडाला काळं फासलं जातं, मिशी खाली येते, तोंड दाखवायला जागा राहत नाही. सगळं गळ्याच्या वरचं, आणि बहुतेक पुरुषाचं. पण ते सांभाळायचं काम दिलंय ते दुसऱ्याच कुणाला तरी. ताईनं कुठं बसावं, कुणाशी बोलावं, किती हसावं, यावर आप्पांचं नाक अवलंबून. खुद्द आप्पांच्या वागण्यावर मात्र ते अवलंबून नव्हतं. आप्पांचं बारामतीला दुसरं घर होतं. गावाला माहीत होतं, काकूला माहीत होतं, आम्हा पोरांनासुद्धा माहीत होतं. दर गुरुवारी ते ‘मार्केटला’ जायचे. त्या पंधरा वर्षांत कुणाचंही, काहीही कापलं गेलं नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी हे १८८२ सालीच विचारून ठेवलंय. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, लोकलाजेपायी आपलं मूल मारलं म्हणून, आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रं बायकांच्या चालचलणुकीवर तुटून पडली. ताराबाईंनी पुरुषांना उलटं विचारलं: दोष काय तो बायकांच्याच अंगी असतो का? त्यांच्या निबंधाचं नावच ‘स्त्रीपुरुषतुलना’. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनी तोंड वाकडं केलं. विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह जोतीराव-सावित्रीबाईंनी त्याच्याही वीसेक वर्षं आधी, १८६३ ला, स्वतःच्या घरात काढलं होतं. आणि ज्या शाहू महाराजांच्या फोटोखाली आमची बैठक भरली, त्यांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली. आम्ही त्यांना जयंतीला हार घालायचो. हार घातला की फोटोतला माणूस बोलत नाही, ही सोय मोठी आहे.

त्या मुलाचं काय झालं, हे मी इथपर्यंत लिहिलं नाही. हीसुद्धा आमच्याकडची रीतच. असल्या गोष्टी ‘मुलगी घरी आली’ इथं संपतात. ठाण्यातून तो दुसऱ्या दिवशी सुटला. पाच दिवसांनी रात्री त्याच्या वडिलांना घरातून बाहेर ओढून मारलं. मी तिथं नव्हतो, पण कोण कोण होतं ते मला माहीत आहे, आणि तेव्हाही होतं. रिवाइंडिंगवाल्यानं त्याला कामावरून काढलं. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, म्हणजे तेव्हा होताच. तक्रार झाली नाही. उन्हाळ्यात ते घर उठून पिंपरीकडे गेलं. वाड्याच्या मागचं त्यांचं पत्र्याचं घर बरीच वर्षं तसंच उभं होतं, मग कुणीतरी पत्रे नेले.

त्याच्या बापाचीही अब्रू होतीच की. तीही त्या रात्री गेली. पण ती परत आणायला सुमो भरून कुणी निघालं नाही. जमीन, ठाण्यातली ओळख, डिझेलचे पैसे आणि मागं उभी राहणारी भावकी, हे ज्याच्याकडे आहे त्याच्या दुखण्याला आपल्याकडे इज्जत म्हणतात. बाकीच्यांचं ते नुसतं दुखणं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यावर, असं बाबासाहेबांनी १९१६ सालीच, विद्यार्थी असताना मांडलं होतं. त्याचा पहारा कोण करतं, ते मला गाडीच्या दाराशी बसून कळलं.

आमचं प्रकरण काहीच नाही, असं म्हणायची वेळ येते ती पुढची नावं आठवली की. १ जानेवारी २०१३, सोनई, तालुका नेवासा, तेव्हाचा जिल्हा अहमदनगर: एका मराठा मुलीशी संबंध आहेत म्हणून सफाई काम करणाऱ्या तरुणाला आणि त्याच्या दोन साथीदारांना सेप्टिक टँकच्या कामाला म्हणून बोलावलं आणि तिघांनाही मारलं. म्हणजे सापळा लावतानासुद्धा जातीचंच काम पुढं केलं. यात २०१८ ला नाशिकच्या न्यायालयानं सहाजणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४, खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा तोच: १७ वर्षांचा दलित मुलगा, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढा संशय. मारून झाडाला टांगलेला सापडला. २०१७ च्या नोव्हेंबरात सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. गावातले साक्षीदार. सकाळी आपल्याच बांधावरून जाणारे.

फितूर शब्द वाचला की लोक चिडतात, पैसे खाल्ले असतील म्हणतात. मला मात्र काचेचे तुकडे आठवतात. मला कुणी पैसे दिले नव्हते. त्या वर्षी कोर्टात कुणी उभं करून विचारलं असतं, गाडीत काय झालं, तर मी काय सांगितलं असतं? मला वाटतं, ‘मी झोपलो होतो’ असं सांगितलं असतं.

२०२१ च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यातली बातमी आली. पळून जाऊन लग्न केलेली, पोटुशी मुलगी. आई आणि भाऊ भेटायला आले म्हणून ती शेतातून धावत घरी आली आणि चहा ठेवायला चुलीपाशी वळली. पोलिसांनी सांगितलं ते असं, की आईनं धरलं आणि भावानं कोयत्यानं मान तोडली, मग ते शिर बाहेर आणून दाखवलं. त्या बातमीनंतर दोन दिवस मी ऑफिसात नीट काम केलं नाही. सगळे त्या भावाबद्दल बोलत होते. मी त्या आईचा विचार करत होतो, आणि आमच्या काकूचा. काकूनं ताईला परत आल्यावर जवळ घेतलं नव्हतं. न्हाणीघरात नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं होतं, सुतकातून आल्यासारखं. बाईला या सगळ्यात स्वतःची अब्रू नसते, पण राखणदारी मिळते, आणि आयुष्यभर दुसरं काहीच मिळालं नसेल तर राखणदारीही घट्ट धरून ठेवावीशी वाटत असेल. काकूला हे विचारायचं राहिलं. ती आता कुणाला ओळखत नाही.

दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची, जातीची, पंचायतीची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ ला स्वच्छ सांगितलंय. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, जोडप्यांना निवारा, असे आदेशही त्यातच आहेत. ठाण्यातली खुर्ची पुढं ओढून ‘बाळ’ म्हणणारा आवाज त्यानं किती बंद झाला, ते त्या खुर्चीसमोर बसलेल्या पोरींना विचारायचं.

आप्पा २०१९ ला गेले. वारस नोंदीत चार नावं लागली: काकू, दोन भाऊ आणि ताई. २०२१ च्या दिवाळीनंतर भावांनी ताईला तालुक्याला बोलावलं. हक्कसोडपत्र करायचं होतं. आमच्याकडे हा लग्नासारखाच एक विधी आहे. बहीण येते, भाऊ तिला साडी-चोळी करतो, सगळे मिळून दुय्यम निबंधकाकडे जातात, ती कॅमेऱ्याकडे बघते, अंगठा देते आणि येताना हॉटेलात जेवण होतं. विनामोबदला, त्यामुळे स्टॅम्पही नाममात्र. माझ्या दोन्ही आत्यांनी असाच अंगठा दिला. थोरल्या आत्याची साडी पोपटी होती. तीन एकर बागायतीच्या बदल्यात पोपटी साडी, आणि त्यावर ती म्हणाली होती, भावानं रंग चांगला काढला. सही न देणारी बहीण म्हणजे माहेरावर उलटलेली. तिथंही शब्द तोच, घराण्याची अब्रू कोर्टात नेली.

मी साक्षीदार म्हणून सही करायला गेलो होतो. अशा कामाला मला नेहमी नेतात, बँकवाला म्हणून.

ताईनं चष्मा काढला, पुसला आणि कागद मागितला. भाऊ म्हणाला, वाचायचं काय त्यात, नेहमीचंच आहे. तिनं पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गट नंबर, क्षेत्र, आकार. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध. बाकड्यावरची माणसं ऐकायला लागली. ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ या ओळीवर ती थांबली. ती ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली, मनातल्या मनात. मग कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, “घरी जाऊन सांगते” म्हणाली आणि दोनच्या फलटण गाडीनं गेली. साडीची पिशवी बाकड्यावरच राहिली.

ती अंगणवाडी सेविका आहे. त्यांच्या मीटिंगला आलेल्या वकीलबाईंनी त्यांना समजावलं होतं, की महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला जी मुलगी बिनलग्नाची होती तिला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच हक्क तेव्हाच मिळाला, २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीचीही वाट बघायला नको. १९९४ ला ताई १७ वर्षांची होती. म्हणजे ज्या दिवशी आम्ही तिला सुमोतून आणली त्या दिवशी ती त्या जमिनीची आमच्याइतकीच मालकीण होती. गाडीत कुणालाच ते माहीत नव्हतं. की मामांना होतं? मामा तालुक्याच्या कोर्टात उठबस असलेले. जातीबाहेरचा जावई म्हणजे बांधाला बांध लावून उभा राहणारा वाटेकरी, हे त्यांना कळलं नसेल असं आता मला वाटत नाही.

वाटपाचा दावा चालू आहे. भावांचं म्हणणं, आप्पांनी २००४ च्या आधीच तोंडी वाटप करून दिलं होतं. तसं काही झालं नव्हतं. माझी जमीन त्यांच्या लगत आहे, विहीर सामाईक आहे, वीजबिलाचा हिशेब माझ्या वहीत आहे आणि २०१९ पर्यंत तो एकट्या आप्पांच्या नावावर आहे. ताईनं वकिलाकडे साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं, मला न विचारता. धाकट्या भावाचा फोन आला. आधी गोडीनं बोलला, मग म्हणाला, “म्हातारपणी बायकांच्या कोंडाळ्यात शिरलास व्हय?” मी काही बोललो नाही. पोटात मात्र तेच झालं, जे १९ व्या वर्षी झालं होतं. वय ४६ असलं तरी तो खटका तिथंच असतो.

परवा रात्री ताईचा फोन आला. सुमोचा विषय आमच्यात आजवर निघालेला नाही, परवाही निघाला नाही. गुरुवारची तारीख आहे म्हणाली. आधार कार्ड आण, ती वीजबिलाची वही आण, झेरॉक्स नको, मूळ वही. साडेदहाला पुकारा होतो. आणि कोर्टापाशी गाडी लावायला जागा नसते, स्टँडवर लाव आणि चालत ये.